सायकलस्वाराची खरेदी : कापूस, पॉलिस्टर आणि दुरुस्तीचे दुकान

वाशीम जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. शेतात कापसाची वेचणी सुरू होते आणि सकाळच्या गारव्यात रस्त्यावर सायकली वाढतात. हेल्मेट-जर्सी घालून शेलूबाजार, मंगरुळपीर, मालेगावच्या दिशेने निघालेले हौशी सायकलस्वार दिसतात. त्याच रस्त्याच्या कडेने मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर मुली शाळेत जात असतात. हौशी सायकलस्वाराच्या अंगावरची जर्सी मात्र बाजूच्या शेतातल्या कापसाची नसते. ती खनिज तेलापासून झालेल्या धाग्याची असते.

दिवाळीत नवी खरेदी होते. सायकल हे पर्यावरणाला जपणारे वाहन म्हणून आपण ते निवडतो. मग तिच्यासाठी लागणारे कपडे आणि साहित्य घेताना कोणता विचार करावा? कोणाच्या श्रमावर, कोणाच्या पाण्यावर आणि किती वर्षांच्या वापरासाठी आपण पैसे मोजतो? या प्रश्नांचा हा मागोवा.

कापूस की पॉलिस्टर?

‘कापूस नैसर्गिक, म्हणून चांगला, पॉलिस्टर कृत्रिम, म्हणून वाईट’ हे उत्तर वऱ्हाडातल्या माणसाला सहज पटते. कारंजा ही कापसाची जुनी बाजारपेठ. मूर्तिजापूर-यवतमाळ ही ‘शकुंतला’ रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठी टाकली गेली आणि ती कारंज्यावरूनच जात असे. आज जिल्ह्यात सोयाबीनने कापसाला मागे टाकले असले, तरी कापसाशी असलेले नाते तुटलेले नाही.

पण शरीराचा हिशेब वेगळा आहे. हवेतला ओलावा धरून ठेवण्याची कापसाची क्षमता त्याच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के, तर पॉलिस्टरची अर्धा टक्काही नाही. म्हणून सुती सदरा घाम शोषून जड होतो, अंगाला चिकटतो आणि घासतो. पॉलिस्टरमधून घाम बाहेरच्या बाजूला पसरतो आणि उडून जातो. घर ते कार्यालय अशा पाच-दहा किलोमीटरसाठी कपाटातला सुती सदरा पुरेसा आहे. खास काही घेण्याची गरजच नाही. मात्र साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पूर्ण करण्याच्या बीआरएमसारख्या उपक्रमात उतरणाऱ्याला जर्सी आणि गादी लावलेली चड्डी लागतेच. तिथे कापसाचा आग्रह धरणे म्हणजे मांड्या सोलून घेणे.

कापसाच्या बाजूनेही एक गैरसमज आहे. एका सुती टी-शर्टसाठी २,७०० लिटर पाणी लागते, हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. तो सरासरी आकडा आहे. विदर्भातला कापूस बहुतांश कोरडवाहू, पावसावर येणारा. इथल्या कापसाचा प्रश्न सिंचनाच्या पाण्याचा कमी आणि फवारणी, कर्ज व भाव यांचा जास्त आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ‘नैसर्गिक’ हा शब्द उच्चारताना ही बाजू विसरता येत नाही.

भावाचाही हिशेब करून पाहू. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. कापसाच्या वजनात साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी सरकी. सूत काढताना आणि कापड बेतताना होणारी घट धरली, तर २०० ग्रॅमच्या टी-शर्टला सुमारे पाऊण किलो कापूस लागतो. हमीभावाने त्याची किंमत ५६ रुपयांच्या आसपास होते, तीही सरकीसकट. तो टी-शर्ट दुकानात पाचशे-सहाशेला मिळतो. म्हणजे सुती कपडा महाग घेतला, की वाढीव पैसा शेतकऱ्याकडे जातोच असे नाही.

पॉलिस्टरचे दोषही खरेच आहेत. प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात आणि सांडपाण्यातून नदी-नाल्यांत जातात. ताणल्या जाणाऱ्या चड्ड्यांत इलास्टेनचा धागा मिसळलेला असल्याने त्यांचे पुन्हा सूत करणे अवघड असते. ‘बाटल्यांपासून बनवलेली जर्सी’ नव्या तेलाची गरज कमी करते, हे मान्य. पण बाटलीपासून पुन्हा बाटली होऊ शकते, जर्सीपासून जर्सी क्वचितच होते. तंतू तर त्याही जर्सीतून सुटतात.

चिठ्ठी काय सांगते, काय लपवते

कपड्याच्या चिठ्ठीवरची चिन्हे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ‘गॉट्स’ हे चिन्ह किमान ७० टक्के सेंद्रिय धागा असल्याचे सांगते आणि प्रक्रियेतली रसायने व कामगारांची स्थिती यांचेही निकष लावते. ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ फक्त इतकेच सांगते, की तयार कापडात अपायकारक द्रव्ये ठरलेल्या मर्यादेबाहेर नाहीत. शिवणाऱ्या बाईला मजुरी किती मिळाली, याबद्दल ते गप्प असते. चिन्ह असले म्हणून निर्धास्त राहता येते असेही नाही. २०२० मध्ये भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसाला खोटी सेंद्रिय प्रमाणपत्रे जोडल्याचे खुद्द गॉट्सनेच जाहीर केले होते.

स्वस्त कपड्याची किंमत कोणी तरी दुसरा चुकवत असतो. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातली राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे गेली. त्यांतले बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. आपल्याकडे होजिअरीचे मोठे केंद्र असलेल्या तिरुप्पूरमध्ये रंगाच्या सांडपाण्याने नोय्यल नदी इतकी बिघडली, की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला.

ग्राहकाच्या हाती आता एक साधनही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. ‘इको’, ‘ग्रीन’, ‘सस्टेनेबल’ असे शब्द वापरणाऱ्याने त्याचा पुरावा द्यायला हवा. तेव्हा चिठ्ठीवर नुसते हिरवे पान छापलेले दिसले, तर ‘कशामुळे?’ असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

सायकलीचा कार्बन-हिशेब

ट्रेक या अमेरिकन कंपनीने २०२१ च्या अहवालात आपली सरासरी सायकल बनवताना १७४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असे मांडले. मोटारीऐवजी सुमारे ४३० मैल, म्हणजे जवळपास ६९० किलोमीटर सायकल चालवली की ते फिटते, असा तिचा हिशेब.

वाशीममध्ये मात्र सायकल बहुधा मोटारीची नव्हे, मोटारसायकलची जागा घेते. लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल किलोमीटरमागे सुमारे ४६ ग्रॅम उत्सर्जन करते. त्या मापाने १७४ किलो फिटायला पावणेचार हजार किलोमीटर लागतात. रोज दहा किलोमीटर कामासाठी सायकल वापरली, तर वर्षभराहून थोडा अधिक काळ. साधी पोलादी सायकल याहून लवकर फिटेल. मात्र फक्त रविवारी हौसेची फेरी मारली, तर मोटारसायकलचा एक किलोमीटरही वाचत नाही. आणि सायकल गाडीवर लादून लोणारपर्यंत नेली, तर हिशेब उलटाच होतो. व्यायाम आणि आनंद यांची किंमत वेगळी. पण त्याला पर्यावरणाची सेवा म्हणू नये.

सांगाड्याची निवडही इथेच येते. पोलादी सांगाडा तडकला तर गावातला गॅस वेल्डिंगवाला तो जोडतो आणि शेवटी भंगारात त्याला भाव मिळतो. ॲल्युमिनियम बनवायला वीज फार लागते, पण ते वितळवून पुन्हा वापरायला मूळच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा पुरते. कार्बन फायबर हलके खरे, पण तडकल्यावर ते जोडणारा कारागीर जवळपास मिळणे कठीण आणि भंगारवाल्यालाही त्याचा उपयोग नाही.

घेण्याआधीचे पाच प्रश्न

पहिला प्रश्न : ही वस्तू खरोखर लागते का? दुसरा : असलेली दुरुस्त होईल का? तिसरा : वापरलेली चांगली मिळेल का? चौथा : हिचे सुटे भाग वाशीम-कारंजा-रिसोडच्या दुकानात मिळतात का? आणि या चौघांनंतर पाचवा : ती कोणी, कशी बनवली?

वापरलेल्या वस्तूंत एक अपवाद पक्का आहे : हेल्मेट. त्याच्या आतला फोम एक जोरदार आदळ सोसण्यासाठीच असतो. तो एकदा दबला की बाहेरून काही न दिसताही संरक्षण संपते. म्हणून हेल्मेट नवेच घ्यावे आणि अपघातानंतर बदलावे. ब्रेकचे रबर आणि तारा यांतही काटकसर नको.

आपल्या रस्त्यांना बाभळीचे काटे आणि सराटे नवे नाहीत. पातळ, हलक्या टायरपेक्षा जाड टायर इथे जास्त टिकतो आणि ट्यूबही वाचवतो. पंक्चर झालेली ट्यूब टाकून न देता तिला ठिगळ लावावे. चेन वेळेवर पुसून तेल दिले आणि ताणली गेल्यावर लगेच बदलली, तर महागडे फ्रीव्हील लवकर झिजत नाही. जर्सी थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी. इलास्टेन टिकते, तंतूही कमी सुटतात. दोन जर्सी पाच वर्षे वापरणे हे दरवर्षी एक ‘पर्यावरणपूरक’ जर्सी घेण्यापेक्षा केव्हाही बरे.

चौथा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, पण परिणाम त्याचाच सर्वांत दूर जातो. चाकाचा आउट काढणारा, छर्रे बदलणारा, पंक्चर जोडणारा मिस्त्री गावात टिकतो तो कामावर. पैसे मोजू शकणारा हौशी सायकलस्वार प्रत्येक सुटा भाग घरपोच मागवू लागला आणि बिघडलेली वस्तू फेकू लागला, तर दुकानाचे हुकमी गिऱ्हाईक जाते. दुकान बंद झाले की त्याची झळ जर्सीवाल्याला बसत नाही. तो दुसरी सायकल घेतो. झळ बसते ती शाळेच्या मुलीला. साध्या ट्यूबसाठी तिची सायकल अंगणात भिंतीला टेकून राहते आणि काही महिन्यांनी शाळेची वाटही सुटू शकते.

म्हणून या दिवाळीत सायकलीसाठी पैसे काढून ठेवले असतील, तर आधी आहे ती सायकल मिस्त्रीकडे न्यावी, तिचे सर्व्हिसिंग करून घ्यावे आणि त्याने सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. त्यातून पैसे उरले आणि गरजही उरली, तर मग जर्सी.