जुनी जीप, काळी माती आणि पुढचे पाटे

परभणी जिल्ह्यात काळ्या रानातून गेलेला रस्ता फार काळ सपाट राहत नाही. काळ्या मातीतली चिकणखनिजे पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि वरच्या डांबराला लाटा येतात. महिंद्राने 1940 च्या दशकाअखेर मुंबईत जुळवायला घेतलेल्या विलिस जीपला पुढे अखंड एक्सल आणि कमानपाटे होते. ते थकले की त्यांच्या जागी काय बसवायचे?

आधी गणित पाहू. गाडीच्या वजनाने पाटा 5 सेंटिमीटर दबत असेल, तर धक्का बसल्यावर गाडी सेकंदाला सुमारे 2.2 वेळा वरखाली होते. 10 सेंटिमीटर दबत असेल तर 1.6 वेळा. ताशी 36 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 10 मीटर जाते. रस्त्याच्या लाटा 5 मीटरवर असतील तर सेकंदाला 2 धक्के बसतात. हा ठेका कडक पाट्याच्या ठेक्याशी जवळपास जुळतो आणि बॉनेट नाचू लागते. हाच अनुनाद. पाटा मऊ केल्याने तो टळत नाही, कमी वेगावर सरकतो. ती ऊर्जा जिरवायला चांगला शॉक अॅब्सॉर्बरच लागतो.

अमेरिकेतले हॉट रॉडवाले, म्हणजे जुन्या गाड्यांत फेरफार करणारे हौशी, अनेकदा 1974 च्या फोर्ड मस्टँग-2 च्या धर्तीचे स्वतंत्र सस्पेन्शन बसवतात. त्यात एका चाकाचा धक्का दुसऱ्याला थेट पोचत नाही. आपल्या प्रीमियर पद्मिनीलाही पुढे अशीच स्वतंत्र रचना होती. पण जीपवर ती बसवायची तर चासी कापून वेल्डिंग करावे लागते, स्टिअरिंगची भूमिती बदलते. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर चासीत फेरफार चालत नाही.

म्हणून पॅराबोलिक पाटे हा उत्तम पर्याय. जुन्या जुडग्यातले पाटे एकमेकांवर घासतात. मध्ये धूळ आणि गंज साचला की ते आखडतात आणि बारीक खड्ड्यांना दबतच नाहीत. पॅराबोलिक पाटे मोजकेच असतात, मधे जाड, टोकांकडे निमुळते, आणि त्यांच्यात फट असते. घर्षण घटते, म्हणून शॉक अॅब्सॉर्बर मात्र त्यांच्या जोडीचाच हवा. बुश, शॅकल आणि किंगपिनचे बेअरिंगही त्याच वेळी तपासावे; ते ढिले असतील तर नव्या पाट्यांवरही स्टिअरिंग थरथरेल. इतके केले की मूळ चासीला हात न लावता जुनी जीप या रस्त्यांवर नीट चालते.