देवमासा, बॅरल आणि व्हाली

पाठीवर पांढरे ठिपके असलेला अवाढव्य मासा कोकणात जाळ्यात अडकला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तो हमखास ‘देवमासा’ होतो. देवमासा म्हणजे व्हेल. तो सस्तन प्राणी, श्वास घ्यायला पाण्याबाहेर येतो, त्याची शेपटी आडवी असते आणि वरखाली हलते. हा मात्र कल्ल्यांनी श्वास घेणारा, उभ्या शेपटीचा अस्सल मासा आहे. इंग्रजी नाव व्हेल शार्क, म्हणजे देवमाशाएवढी मुशी. क्वचित 18 मीटरपर्यंत वाढणारा हा जगातला सर्वांत मोठा मासा. त्याच्याविषयीचा घोळ नावापासूनच सुरू होतो.

दुसरा घोळ ‘शार्क’ या शब्दाचा. तो ऐकला की 1975 सालच्या ‘जॉज’मधला जबडा आठवतो. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि माणसाला धोकादायक ठरणाऱ्या त्यांतल्या मोजक्याच. न डिवचता शार्क माणसाला चावल्याच्या घटना जगभरात मिळून वर्षाला साधारण साठ-सत्तर, त्यांतले मृत्यू बहुतेक वर्षी दहाच्या आत. व्हेल शार्कचा जबडा मीटरभर रुंद उघडतो खरा, पण आतले तीनेक हजार दात काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढे. तो पाणी गाळून प्लवक, माशांची अंडी आणि बारीक मासे खातो. ‘आपल्याकडे कुठे आलेत शार्क?’ असं विचारणारा गृहस्थ मालवणात बसून मोरीचं मटण चापत असतो. मोरी काय, मुशी काय, दोन्ही शार्कच.

याच माशावर माईक पांडे यांनी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट केला. त्याला 2000 साली ‘ग्रीन ऑस्कर’ मिळालं. ते हॉलिवूडचं ऑस्कर नव्हे. वन्यजीवांवरच्या चित्रपटांसाठी ब्रिटनमधल्या वाइल्डस्क्रीन महोत्सवात दिला जाणारा हा पुरस्कार आहे. चित्रीकरण सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं. तिथे या माशाला म्हणत ‘बॅरल’. गळाला पिंपं बांधून ती माशाला अडकवायची, म्हणजे त्याला खोल बुडी मारता येत नाही आणि तो दमतो, म्हणून हे नाव. पूर्वी त्याच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना चोपडत. पुढे मांसाला तैवानमधून मागणी आली आणि एकेका हंगामात शेकड्यांनी मासे कापले जाऊ लागले.

मे 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्क आला. त्या कायद्याचं संरक्षण मिळालेला हा देशातला पहिला मासा. यावरून ‘एका माहितीपटानं मासा वाचवला’ असं सांगण्याचा मोह होतो. ते अर्धंच खरं. दिल्लीतली अधिसूचना सौराष्ट्रातल्या वेरावळच्या धक्क्यावर कोण वाचणार? 2004 मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि काही सहकाऱ्यांनी मोहीम काढली. रामकथाकार मोरारीबापूंनी माशाला ‘व्हाली’ म्हटलं, म्हणजे लाडकी. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला कुणी मारतं का, असा त्यांचा सवाल. पिंपाची लेक झाली, ती अशी. जोडीला वनखात्यानं फाटलेल्या जाळ्याची भरपाई सुरू केली आणि कोळ्यांनी अडकलेले शेकडो मासे स्वतःच जाळी कापून सोडले. माझ्या मते भरपाई नसती तर नुसतं नाव फार काळ पुरलं नसतं. जाळं हे कोळ्याचं भांडवल असतं. महाराष्ट्रानंही 2018 च्या अखेरीस अशी योजना आणली, कमाल 25,000 रुपयांची.

आता पंचाईत अशी, की ‘माहेर’ हीसुद्धा सिद्ध झालेली गोष्ट नाही. खुल्या समुद्रात व्हेल शार्क विताना आजवर कुणीच पाहिलेला नाही. 1995 मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिल्लं निघाली, तेव्हा कुठे कळलं की हा मासा अंडी बाहेर घालत नाही, ती पोटातच उबतात. ‘मासेच ते, पुन्हा होतील’ हा हिशेबही इथे चुकतो. मोठ्या शार्कना वयात यायलाच वर्षानुवर्षं लागतात.

उलट बाजूची अतिशयोक्तीही आहे. ‘शार्क गेले तर समुद्र मरेल’ हे वाक्य पोस्टरवर शोभतं, पण प्रत्येक शार्कचं काम वेगळं. व्हेल शार्क शिखरावरचा शिकारी नाहीच. ते काम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे टायगर शार्क करतात. त्यांच्या धास्तीनं समुद्रगायी आणि कासवं समुद्रगवताच्या सगळ्यात रसाळ पट्ट्यांत फार रेंगाळत नाहीत, आणि गवत टिकतं. तिथे खाण्याइतकंच धाकालाही महत्त्व आहे. म्हणून ‘शार्क कमी झाले की आपल्याला मासळी जास्त’ हे गणित सरळ सुटत नाही.

आणि ‘शार्क मारायला बंदी आहे’ हाही समजच. बंदी ठरावीक जातींना. शार्कच्या परांची निर्यात 2015 पासून बंद आहे, पण संरक्षित यादीबाहेरच्या मुशी-मोरी बाजारात राजरोस विकल्या जातात. खुल्या समुद्रातले शार्क आणि पाकट जगभरात 1970 पासून 71 टक्क्यांनी घटले, ते मुख्यतः मासेमारीमुळे. बाजारात पुढच्या वेळी मोरी घेताना तिची लांबी बघा. हातभर असेल, तर कदाचित ती अजून वयात आलेली नसेल; ते जातीवर ठरतं.