ऑफिसला जाणारी साधी सेडान अमेरिकेच्या दणकट ‘मसल कार’ला मागे कशी टाकते?

‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या २००१ सालच्या सिनेमातली शेवटची शर्यत आठवते का? एका बाजूला डॉमिनिक टोरेटोची १९७० सालची काळी डॉज चार्जर. बॉनेटमधून वर आलेलं इंजिन, पुढची चाकं हवेत आणि कानठळ्या बसवणारा आवाज. दुसऱ्या बाजूला ब्रायनची केशरी टोयोटा सुप्रा. रेल्वे फाटकावर दोघं जवळपास एकाच वेळी पोहोचतात आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या तोंडासमोरून सुसाट पलीकडे जातात.

तो सिनेमा होता आणि सुप्रा ही मुळातच वेगासाठी बनलेली स्पोर्ट्स कार होती. पण सुप्राच्या जागी टोयोटाचीच कॅमरी असती तर? तीच कॅमरी, जी आपल्याकडे पाहिली की मागच्या सीटवर फाईल चाळत बसलेले एखादे साहेब डोळ्यासमोर येतात!

चाहत्यांना हे ऐकवणार नाही, पण अमेरिकेत २०१८ पासून विकली गेलेली व्ही-६ इंजिनाची कॅमरी साठच्या दशकातल्या बऱ्याच मसल कार्सना सरळ रेषेत मागे टाकू शकते. चार दरवाजे, एसी आणि मागे मुलांची सीट, हे सगळं घेऊन.

हे झालं कसं? त्यासाठी आधी मसल कार म्हणजे काय ते पाहू.

नियमातली पळवाट आणि एका दंतकथेचा जन्म

मसल कारचं सूत्र सोपं होतं. मध्यम आकाराची, परवडणारी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं अवाढव्य व्ही-८ इंजिन बसवायचं. म्हणजे तरुण मुलांना कमी पैशांत भरपूर ताकद.

या प्रकाराची खरी सुरुवात मानली जाते ती १९६४ सालच्या पॉन्टिअॅक जीटीओपासून. पॉन्टिअॅकची मालक कंपनी होती जनरल मोटर्स. तिचा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअॅकचे मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र ३८९ घन इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन बसवायचं होतं.

मग त्यांनी एक शक्कल लढवली. नियम नव्या मॉडेलसाठी होता ना? मग जीटीओला मॉडेल म्हणायचंच नाही! ‘टेम्पेस्ट’ या गाडीवर २९५ डॉलर जास्त देऊन मिळणारं ते एक पॅकेज ठरवलं गेलं. पहिल्या वर्षी पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता, खपल्या ३२ हजारांहून जास्त. (हेच डीलोरिअन पुढे स्वतःची कंपनी काढतात आणि ‘बॅक टू द फ्युचर’ सिनेमातली काळाच्या पार जाणारी गाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.)

पण ते आकडे खरे होते का?

मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने जीटीओची चाचणी छापली. शून्य ते ताशी ६० मैल, म्हणजे ताशी ९७ किलोमीटर, फक्त ४.६ सेकंदांत! गाडी रातोरात प्रसिद्ध झाली.

पुढे अनेक वर्षांनी पॉन्टिअॅकच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी कबूल केलं, की मासिकाला दिलेल्या गाडीत ३८९ घन इंचांचं इंजिन नव्हतंच. तिच्यात ४२१ घन इंचांचं, खास तयार केलेलं इंजिन लपवलं होतं. शोरूममधून घेतलेल्या जीटीओला तेवढ्याच वेगासाठी त्या काळच्या इतर चाचण्यांत साधारण साडेसहा ते पावणेआठ सेकंद लागले.

दुसरी गोम हॉर्सपॉवर मोजण्याच्या पद्धतीत होती. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ‘ग्रॉस’ आकडा जाहीर करत. त्यासाठी इंजिन गाडीतून बाहेर काढून टेबलावर ठेवायचं. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरसारखी ताकद खाणारी जोडणी नाही. अशा मोकळ्या इंजिनाने दिलेली ताकद ब्रोशरवर छापायची. १९७२ पासून ‘नेट’ आकडा रूढ झाला, म्हणजे इंजिन गाडीत बसल्यावर सगळी ओझी सांभाळून प्रत्यक्षात जी ताकद देतं, ती.

फरक किती पडायचा? क्रायस्लरचं ‘४२६ हेमी’ हे सात लिटरचं प्रसिद्ध इंजिन घ्या. १९७१ मध्ये त्याचा ग्रॉस आकडा होता ४२५ हॉर्सपॉवर आणि नेट ३५०. इंजिन तेच, फक्त मोजपट्टी बदलली आणि ७५ घोडे गायब!

त्यामुळे जुन्या गाडीचे ४२५ आणि आजच्या गाडीचे ३०० हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारी पोस्ट दिसली, तर ती मुळातच चुकीची आहे हे लक्षात ठेवा.

मसल कार गेली कुठे?

१९७० हे मसल कारच्या वैभवाचं शिखर होतं. त्या वर्षी शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ मध्ये ४५० ग्रॉस हॉर्सपॉवरचं, ७.४ लिटरचं इंजिन मिळत होतं. पण घसरणही लगेच सुरू झाली.

तरुण चालकांच्या अशा गाड्यांचे विम्याचे हप्ते आकाशाला भिडले. १९७० मध्ये हवा प्रदूषणाचा कडक कायदा आला. शिसंविरहित पेट्रोलवर गाडी चालावी म्हणून जनरल मोटर्सने १९७१ पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, कमी केलं. ताकद घटली. त्यात ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं थांबवलं आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या.

१९७५ सालच्या कॉर्व्हेटचं उदाहरण पाहा. अमेरिकेची सर्वात नावाजलेली स्पोर्ट्स कार, ५.७ लिटरचं इंजिन, आणि मूळ मॉडेलची ताकद फक्त १६५ हॉर्सपॉवर.

तोवर बाहेरच्यांनी काय केलं?

अमेरिकेत गाड्यांबद्दल बोलताना ‘इम्पोर्ट’ हा शब्द सैल अर्थाने वापरतात. त्याचा अर्थ परदेशी कंपनीची गाडी, मग ती बनली कुठेही असो. अमेरिकेत विकली जाणारी कॅमरी १९८८ पासून केंटकी राज्यातल्या जॉर्जटाऊनमध्ये बनते, तरी वादात ती ‘इम्पोर्ट’च!

चार दरवाज्यांच्या गाडीत मसल कारची ताकद भरण्याची कल्पना युरोपात जुनी होती. १९६८ मध्ये मर्सिडीजने ३०० एसईएल ६.३ आणली. ताशी १०० किलोमीटर साडेसहा सेकंदांत, आणि तेही गुबगुबीत सीटवर बसून. १९८५ मध्ये बीएमडब्ल्यूची पहिली एम-५ आली. साध्या दिसणाऱ्या सेडानमध्ये २८६ हॉर्सपॉवरचं इंजिन. पण या गाड्या श्रीमंतांच्या होत्या.

खरा बदल झाला तो सामान्य खिशाच्या गाड्यांत. २००१ मध्ये सुबारूने डब्ल्यूआरएक्स अमेरिकेत आणली. इंजिन फक्त दोन लिटरचं, पण टर्बोमुळे ताकद २२७ हॉर्सपॉवर, आणि ती चारही चाकांना. किंमत चोवीस हजार डॉलरच्या आसपास. २००३ मध्ये २७१ हॉर्सपॉवरची मित्सुबिशी इव्होल्यूशन आली. या दोन्ही गाड्या पाच-साडेपाच सेकंदांच्या आसपास ताशी ९७ किलोमीटर गाठत होत्या.

आणि मग आली आपली कॅमरी. ३.५ लिटर, व्ही-६, ३०१ नेट हॉर्सपॉवर. ताशी ९७ किलोमीटर सहा सेकंदांच्या आत. (आपल्याकडे आता मिळते ती हायब्रिड कॅमरी वेगळी, दोघींची गल्लत करू नका.)

अर्ध्या इंजिनात जवळपास तेवढीच ताकद कशी?

हेमी इंजिन सात लिटरमधून ३५० नेट हॉर्सपॉवर देत होतं, म्हणजे लिटरमागे ५०. कॅमरी ३.५ लिटरमधून ३०१ देते, म्हणजे लिटरमागे ८६. यामागे मुख्यतः तीन कारणं आहेत.

पहिलं कारण इंजिनाचा श्वास. हेमीच्या प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह होते, कॅमरीला चार. हवा जास्त सहज आत येते आणि धूर सहज बाहेर जातो. शिवाय वेगानुसार व्हॉल्व्ह कधी उघडायचे, हे कॅमरीत संगणक बदलत राहतो.

दुसरं कारण पेट्रोल देण्याची पद्धत. कार्बोरेटर हे शेवटी एक यांत्रिक उपकरण. थंडी, उष्णता, उंची यांप्रमाणे त्याचं गणित चुकतं. आजचा संगणक प्रत्येक सिलिंडरला किती पेट्रोल आणि नेमक्या कोणत्या क्षणी ठिणगी द्यायची, ते सतत ठरवतो. म्हणूनच साध्या शिसंविरहित पेट्रोलवर कॅमरीचं इंजिन ११.८ पट कॉम्प्रेशन पेलतं. जुन्या गाड्यांना त्याहून कमी कॉम्प्रेशनसाठीही शिसं घातलेलं महागडं पेट्रोल लागत असे.

तिसरं कारण गिअर. जुन्या ऑटोमॅटिक गाडीला बहुधा तीन गिअर, मॅन्युअलला चार. कॅमरीला आठ. दहा मजले चढायला तीनच उंच पायऱ्या दिल्या तर काय होईल? तसंच. आठ गिअरमुळे इंजिन जिथे सर्वात जोमात असतं, तिथेच ते बराच वेळ राहतं.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे टायर. ताकद कितीही असली तरी ती रस्त्यावर उतरते ती तळहाताएवढ्या चार जागांमधून. साठच्या दशकातले अरुंद, जुन्या धाटणीचे टायर जोर लावताच जागच्या जागी फिरत. तो धूर सिनेमात भारी दिसतो, पण धूर म्हणजे वाया गेलेली ताकद.

मग मसल कार हरली म्हणायची?

सरसकट नाही. १९७० सालची ४५४ शेव्हेल किंवा हेमी इंजिनाची प्लिमथ कुडा घेतली, तर पाव मैलाच्या शर्यतीत त्या तेरा-साडेतेरा सेकंदांच्या आसपास पोहोचतात. कॅमरीला चौदाहून थोडं जास्त लागतं. म्हणजे मसल कारमधल्या पहिल्या रांगेपुढे कॅमरी आजही मागेच. पण बहुतेकांनी विकत घेतलेल्या मसल कार या पहिल्या रांगेतल्या नव्हत्या. त्यांच्याशी कॅमरी बरोबरी करते किंवा पुढे जाते. आणि ताशी १०० किलोमीटर ३.३ सेकंदांत गाठणारी बीएमडब्ल्यू एम-५ कॉम्पिटिशन समोर आली, तर पहिल्या रांगेचंही काही चालत नाही.

खरा फरक थांबताना कळतो

वेगाच्या वादात एक गोष्ट नेहमी राहून जाते: ब्रेक. १९६४ च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. दोन-तीनदा जोरात दाबले की ते तापायचे आणि पकड सुटायची. एबीएस नाही, एअरबॅग नाही, गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा नाही. ही शेवटची यंत्रणा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेल्सपासून प्रत्येक नव्या कारला सक्तीची झाली.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. साठच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत दर १० कोटी मैलांच्या प्रवासामागे रस्त्यांवर पाचहून जास्त माणसं मरत. गेल्या काही वर्षांत हा आकडा दीडपेक्षा कमी आहे. सीटबेल्ट, चांगले रस्ते, कडक कायदे आणि सुधारलेल्या गाड्या, असं सगळ्यांचं मिळून हे श्रेय.

पण याची एक दुसरी बाजूही आहे. जुनी जीटीओ ताशी १२० वर गेली की स्टिअरिंग थरथरायचं, आवाज वाढायचा, पोटात गोळा यायचा. गाडी स्वतःच सांगायची की आता पुरे. आजची सेडान त्याच वेगात इतकी शांत असते की मागच्या सीटवरचं मूल झोपलेलं राहतं. वेग वाढल्याचं काट्याकडे पाहिल्याशिवाय कळतच नाही.

भौतिकशास्त्र मात्र १९६४ मध्ये होतं तेच आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी १०० वर गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे जाते. मोबाईलकडे दोन सेकंद पाहिलं, की ५५ मीटर डोळे झाकून. जी ताकद एकेकाळी हौशी माणूस जपून, घाबरत वापरायचा, ती आज कोणालाही शोरूममध्ये सहज मिळते.

दोघांचाही शेवट एकाच वेळी

गंमत म्हणजे या भांडणातले दोन्ही पैलवान जवळपास एकाच वेळी आखाड्यातून बाहेर पडले. डॉजने व्ही-८ इंजिनाच्या जुन्या चार्जरचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबवलं आणि पुढच्या चार्जरची सुरुवात इलेक्ट्रिकने केली. आणि ती चार्जर तरी कशी होती? २००६ च्या मॉडेलपासून तिलाही चारच दरवाजे होते आणि तिच्या सस्पेन्शनची रचना मर्सिडीजकडून घेतलेली होती! इकडे टोयोटानेही २०२५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतली कॅमरी फक्त हायब्रिड केली. ३०१ हॉर्सपॉवरचं व्ही-६ इंजिन गेलं.

जुन्या मसल कारची किंमत मात्र वाढतच राहिली. २०१४ मध्ये १९७१ सालची एक हेमी कुडा कन्व्हर्टिबल लिलावात ३५ लाख डॉलरना विकली गेली. घेणाऱ्याला ती कॅमरीपेक्षा वेगवान हवी होती, असं मुळीच नाही. त्या गाड्या लोकांना आवडतात त्या आवाजासाठी, आकारासाठी आणि त्या काळासाठी.

तेव्हा पुढच्या वेळी मित्रांमध्ये हा वाद रंगला, तर दोन प्रश्न नक्की विचारा. हॉर्सपॉवर ग्रॉस की नेट? आणि ताशी शंभरवरून थांबायला किती मीटर लागतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या स्वतःच्या गाडीसाठीही माहीत असलेलं बरं.