लिस्बनचे मौन आणि सरहद्दीवरची माणसे

भरे गावाला आणि एकंदर मुळशी खोऱ्याला सेनापती बापट हे नाव धरणाच्या लढ्यामुळे परिचित आहे. परंतु १९२१ मध्ये टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी ज्यांनी मावळ्यांचे नेतृत्व पत्करले, तेच बापट १८ मे १९५५ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ना. ग. गोरे यांच्यासमवेत सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याच्या हद्दीत शिरले, ही गोष्टही या खोऱ्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. त्या वृद्ध देशभक्ताला पायी सरहद्द ओलांडावी लागली, कारण भारत आणि पोर्तुगाल या दोन सरकारांमधला संवादच खुंटला होता.

भारताने २७ फेब्रुवारी १९५० रोजी वाटाघाटींची रीतसर सूचना केली, तेव्हा गोव्याच्या सार्वभौमत्वावर चर्चाच संभवत नाही, अशी भूमिका पोर्तुगालने घेतली. आणि पुढच्याच वर्षी आपली राज्यघटना दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवून टाकले. वाद सीमारेषेचा असता तर देवघेवीला वाव राहिला असता; पण गोव्याविषयी बोलणे म्हणजे खुद्द पोर्तुगालच्या फाळणीविषयी बोलणे, असा कायदाच झाल्यावर मुत्सद्द्यांनी बोलावे तरी काय? जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसे मेली आणि उरलेसुरले संबंधही तुटले.

त्यानंतरची भारताची नाकेबंदी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला नमविण्यासाठी होती, आणि तो हेतू न्याय्यच होता. पण तिची झळ प्रथम लागली ती सामान्य रयतेला. कॅसलरॉकवरून घाट उतरून मुरगावकडे जाणारी आगगाडी थांबली. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास एकेका गावच्या मंडळींनी चालविलेल्या ‘कुडां’त राहून बोटीवर किंवा हॉटेलांत राबणारे खलाशी नि आचारी ज्या पैशावर घर चालवीत, तो पैसा गावी धाडण्यावर निर्बंध आले. बांद्याकडून पत्रादेवीकडे, सोयरिकीसाठी वा देवदर्शनासाठी, पिढ्यान्‌पिढ्या सहज होणारी ये-जा परवान्यांच्या आणि नाक्यांच्या कचाट्यात सापडली. सरहद्दीच्या एका अंगाला मुलगी नांदते आणि दुसऱ्या अंगाला आईबाप राहतात, अशी ज्यांची स्थिती, त्यांना आंतरराष्ट्रीय कायद्याचे खलिते वाचून काय दिलासा मिळणार होता?

लिस्बन मात्र वाकले नाही. हॉलंडचे बटाटे आणि जपानचे सिमेंट समुद्रमार्गे गोव्यात उतरू लागले, लोहखनिजाची निर्यात फोफावली, आणि दाबोळीहून विमाने कराचीला जाऊ लागली. शिवाय पोर्तुगाल ‘नाटो’चा संस्थापक सदस्य असल्याने हा तंटा महासत्तांच्या शीतयुद्धात ओढला गेला: डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत असा होऊ दिला, तर त्याच सुमारास भारतभेटीस आलेल्या सोव्हिएत नेत्यांनी भारताची बाजू उचलून धरली. परक्या राजधान्यांचे हे पाठबळ कोंडी फोडण्याऐवजी ती घट्ट करीत गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. पण लिस्बनने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते एप्रिल १९७४ च्या क्रांतीने तिथली हुकूमशाही कोसळल्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी झालेल्या तहान्वये.