फाटक, अडसर आणि मधले अंतर

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहावयास गेलेला मनुष्य त्याच्या प्रत्येक कवाडावरील ७२ अणकुचीदार खिळ्यांकडे टक लावून पाहतो, मस्तवाल हत्तीच्या गंडस्थळाची आणि त्या खिळ्यांची गाठ पडली असती तर काय अनर्थ ओढवला असता याचे कल्पनाचित्र रंगवितो, आणि त्यांतल्याच एका कवाडात बसविलेल्या लहानशा दिंडीकडे मात्र बहुधा दुर्लक्ष करतो. वस्तुतः दररोजच्या बंदोबस्ताच्या दृष्टीने पाहिले तर हत्ती क्वचित येणार आणि माणसे नित्य येणार, त्यामुळे खरी कामाची वस्तू ती दिंडीच होय. दिंडीतून एका वेळी एकच मनुष्य, तोही मान लववून, आत शिरू शकतो. त्याच्या पाठीला चिकटून दुसऱ्याने शिरावे म्हटले तर ते शक्य नाही. आणि म्हणून देवडीवरील पहारेकऱ्यास येणाऱ्या प्रत्येकाचे तोंड स्वतंत्रपणे पाहण्याची संधी, कोणासही न दुखविता, आपोआप मिळते.

आजच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या, विशेषतः पुणे, ठाणे, पिंपरी-चिंचवड या भागांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभ्या राहिलेल्या प्रचंड संकुलांच्या प्रवेशद्वारी जो विजेवर चालणारा आडवा दांडा असतो, तो या दिंडीचाच वंशज समजावा. त्याला कोणी ‘बूम’ म्हणतात, कोणी ‘बॅरिअर’. आमच्या संकुलातील पहारेकरी, ज्यांना लहानथोर सारेच मामा म्हणतात, ते त्यास नुसते ‘दांडा’ म्हणतात. अडसर हा आपला जुना शब्द मला त्याहून आवडतो. परंतु वंशज असला तरी पूर्वजाचा मुख्य गुण त्याच्यात उतरलेला नाही. दिंडीची उंची-रुंदीच एकापेक्षा अधिकांस मज्जाव करीत असे. अडसर मात्र एकदा वर गेला की त्याच्याखालून एक मोटार जाते की दोन, हे सर्वस्वी मागच्या मोटारीतील गृहस्थाच्या सौजन्यावर अवलंबून राहते.

पुढच्या वाहनाच्या इतके निकट वाहन नेण्यास इंग्रजीत टेलगेटिंग म्हणतात, आणि टेलगेट म्हणजे मालमोटारीचा मागील फाळका. पुढच्याच्या फाळक्यास नाक लावून चालणे, एवढाच त्याचा अर्थ. महामार्गावर हा प्रकार जिवावर बेततो हे सर्वांस ठाऊक असते. परंतु संकुलाच्या फाटकाशी ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने सरपटताना त्यात काय मोठे बिघडते, असा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. उत्तर देण्यासाठी थोडे रस्त्याच्या पृष्ठभागाखाली उतरले पाहिजे.

अडसराखालील रस्त्यावर बारकाईने पाहिल्यास डांबरात कापलेली आणि पुन्हा बुजविलेली एक चौकोनी चीर अनेक ठिकाणी दिसते. तिच्यात तांब्याच्या तारेचे काही वेढे पुरलेले असतात. त्यांतून उच्च कंप्रतेचा विद्युत्प्रवाह खेळत असतो. वर मोटार आली म्हणजे तिच्या धातूच्या तळात भोवरी प्रवाह उत्पन्न होतात, वेटोळ्याचे प्रवर्तन किंचित घटते, आणि त्या घटीवरून यंत्राला कळते की वर कोणीतरी उभे आहे. फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचेच हे एक साधे, गृहोपयोगी रूप आहे. वेटोळ्यावर धातू आहे तोवर अडसर खाली येऊ द्यावयाचा नाही, धातू हटला की येऊ द्यावयाचा, एवढा एकच नियम यंत्र जाणते. मोटार कोणाची, ती एक की दोन, याचे त्यास यत्किंचित ज्ञान नसते. पुढच्या मोटारीचा मागील भाग वेटोळ्यावरून सरकण्यापूर्वीच दुसरीचा पुढील भाग त्यावर आला, तर यंत्राच्या लेखी ती एकच, जरा लांबलचक मोटार ठरते, आणि दुसरी गाडी कोणत्याही नोंदीवाचून आत जाते. दुचाकीत धातू थोडा असल्याने यंत्राचे लक्ष तिच्याकडे आधीच कमी. शिवाय दांड्याचे टोक आणि खांब यांमधून वळसा घालून निसटण्याची विद्या आपल्या दुचाकीस्वारांना कोणी शिकवावी लागत नाही.

मोटारीच्या काचेवर चिकटविलेल्या पट्टीची कथाही अशीच आहे. त्या पट्टीत विजेरी नसते. फाटकावरील वाचक यंत्राने सोडलेल्या रेडिओलहरींतूनच ती क्षणभर पुरेल इतकी शक्ती घेते आणि आपला क्रमांक परावर्तित लहरींवर टाकून परत पाठविते. पथकर नाक्यांवर १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून सक्तीची झालेली फास्टॅगची पद्धत याच तत्त्वावर, भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, चालते. दोन मोटारी एकमेकींस खेटून उभ्या राहिल्या म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी यंत्राच्या टप्प्यात येऊ शकतात. क्रमांक दोन मिळतात, पण पुढचा कोणता आणि मागचा कोणता हे सांगावयास कोणी नसते. मागच्याच्या पट्टीवर पुढच्या परक्यासाठी अडसर उघडावा, हा विनोद घडतो तो असा.

यंत्राचे एवढे पुरे. माणसाचे गणित अधिक मनोरंजक आहे. फाटकाशी चिकटणारा गृहस्थ मनातल्या मनात असे म्हणत असतो की, आपण पुढे जितके दाटून उभे राहू तितके लवकर आत जाऊ. ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की तिची परीक्षा घेण्याची गरज फार दिवस कोणास भासली नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठातील जोनाथन बोरेको आणि त्यांचे सहकारी यांनी ती घेतली आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणीच्या रस्त्यावर दहा मोटारी सिग्नलपाशी निरनिराळ्या अंतरांनी उभ्या केल्या, हिरवा दिवा लावला आणि वरून उडत्या यंत्राने चित्रण केले. मोटारींमधील अंतर सुमारे २५ फुटांपर्यंत वाढविले तरी शेवटच्या मोटारीस चौक ओलांडण्यास लागणारा काळ जवळजवळ तेवढाच राहिला. कारण उघड आहे: दाटून उभा असलेला चालक पुढच्याने पुरेसे अंतर सोडल्याखेरीज हलूच शकत नाही, आणि या थबकण्यात, जवळ उभे राहून मिळविलेले सारे तो गमावून बसतो. भौतिकीच्या अभ्यासकांनी याला बर्फ वितळताना खर्ची पडणाऱ्या अप्रकट उष्णतेची उपमा दिली. उष्णता दिली तरी तापमान चढत नाही, कारण ती बंध सोडविण्यातच खपते. रांगही प्रथम सैल व्हावी लागते आणि मगच वाहू लागते.

याहून मौजेचा प्रयोग अटलांटातील एका बाजारपेठेच्या वाहनतळावर झाला. आपली जागा सोडून निघणाऱ्या २०० हून अधिक चालकांचे निरीक्षण करून १९९७ साली रुबॅक आणि जुएंग या संशोधकांनी दाखविले की जवळ कोणी वाट पाहत नसताना माणूस सुमारे ३२ सेकंदांत निघतो, कोणी वाट पाहत असेल तर त्यास सुमारे ३९ सेकंद लागतात, आणि त्या उतावळ्याने भोंगा वाजविला तर सुमारे ४३. मागून रेटा आला की पुढचा माणूस अधिक सावकाश होतो. जी जागा तो सोडण्यासच निघालेला असतो तिच्यावरचे स्वामित्व त्यास एकाएकी आठवते. आमच्या फाटकाशी पाहुण्यांच्या नोंदीसाठी थांबलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या मागे भोंगा वाजला की ते चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावतात, हे मी स्वतः पाहिले आहे आणि मला त्यांचे मनोमन कौतुकही वाटले आहे.

येथे एक चतुर आक्षेप संभवतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अडसराच्या एका उघडझापीत एकाऐवजी दोन मोटारी गेल्या तर रांग निम्म्या वेळात संपणार नाही काय? कागदावर संपेल. रांगांच्या शास्त्राचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील आग्नर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली घातला; दूरध्वनीच्या तारा किती लागतील, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्या शास्त्रातील एक साधे प्रतिमान आपल्या फाटकास लावून पाहू. एका मोटारीस सरासरी दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा मोटारी सोडण्याची फाटकाची ताकद आहे असे धरा. मिनिटाला तीन मोटारी यादृच्छिक रीतीने येत असतील, तर प्रत्येकीचे सरासरी २० सेकंद फाटकाशी जातात. पाच येऊ लागल्या की तोच काळ एक मिनिट होतो, आणि साडेपाच आल्या की दोन मिनिटे. आवक दहा टक्क्यांनी वाढली आणि खोळंबा दुप्पट झाला! या शेवटच्या अवस्थेत फाटकाशी सरासरी ११ मोटारी असतात. एकीला सहा मीटर धरले तरी ६६ मीटरांची ही शेपटी हमरस्त्यावर लोळू लागते, आणि संध्याकाळी सात वाजता नेमके तेच दृश्य आपण पाहतो.

आता चिकटणाऱ्या मंडळींना मोजा. समजा, सर्वांनी जोड्या करून जावयाचे ठरविले आणि प्रत्येक मोटारीमागे दहाऐवजी पाचच सेकंद लागू लागले. पण वीसांत एकदा दांडा कोणाच्या बॉनेटवर उतरला, किंवा आत घुसलेल्या अनोळखी गाडीमागे मामांना धावावे लागले, आणि त्या एका प्रसंगापायी तीन मिनिटे वादावादीत गेली. वीस मोटारींना मिळून २८० सेकंद, म्हणजे सरासरी एकीला चौदा सेकंद झाले. फाटकाची ताकद मिनिटाला सहावरून साडेचारच्याही खाली घसरली. मिनिटाला पाच येणाऱ्या मोटारींची रांग मग संपण्याचे नावच घेत नाही. शिवाय १९३० च्या सुमारास पोलाचेक आणि खिंचिन या गणितज्ञांनी सिद्ध करून ठेवले आहे की सरासरी तीच ठेवूनही कामाच्या वेळेतील अनियमितपणा वाढला, तर तिष्ठणे वाढते. फाटक संथ चालले तरी हरकत नाही, ते एकसारखे चालले पाहिजे. बरे, गर्दीच्या वेळी दोन-दोन मोटारी सोडावयाच्याच असतील तर समितीने तसा ठराव करून अडसर उघडा ठेवावा आणि पहारेकऱ्यास नजरेने ओळख पटवू द्यावी; तो उपाय मला गैर वाटत नाही. मात्र ज्याने त्याने आपापला ठराव आपल्या चाकांखाली करून घ्यावा, हे गैर.

या साऱ्या प्रकारात भरडला जातो तो पहारेकरी. एका संध्याकाळी आमच्या येथे एका चारचाकीच्या टपावर दांडा आपटला. दांडा वर असतानाच पुढच्याच्या मागोमाग ती घुसू पाहत होती, हे रांगेतल्या सर्वांनी पाहिले होते. गाडीतले गृहस्थ उतरले आणि त्यांनी मामांना फैलावर घेतले. “साहेब, दांडा मी नाही हो पाडला, तो आपला आपणच येतो,” एवढेच मामा पुनःपुन्हा सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी समितीकडे लेखी फिर्याद दाखल झाली, आणि चौकशीत मामांना तासभर उभे करण्यात आले. गृहस्थांना खुर्ची होती. माणसाचा दर्जा मोटारीवरून आणि कपड्यांवरून ठरविण्याची ही खोड आपलीच आहे असे मात्र नव्हे. कॅलिफोर्नियात डूब आणि ग्रॉस या संशोधकांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हिरवा दिवा लागल्यावरही मुद्दाम न हलणाऱ्या मोटारीच्या मागे लोक किती लवकर भोंगा वाजवितात हे मोजले होते. जुनाट मोटारीमागे तो लवकर वाजला, दिमाखदार मोटारीमागे लोक अधिक धीराने थांबले.

मग किती अंतर ठेवावे? ताशी दहा किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेतीन मीटर. पुढचा थांबला हे डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर चार मीटरांहून थोडे अधिक अंतर तोवर कापले जाते. आपल्याकडील लहान मोटारी चार मीटरांच्या आत बसविलेल्या असतात, म्हणजे एक लहान मोटार मावेल इतकी जागा पुढे सोडली की पुरे. ही मोकळी जागा वाया गेलेली नसते. याच फटीत वेटोळ्याला पहिली मोटार गेल्याचे कळते आणि वाचक यंत्राला दुसरीचा क्रमांक निःसंदिग्धपणे मिळतो. मामांना काचेतील चेहरा दिसतो तोही तेव्हाच. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतील बर्थोल्ड हॉर्न, ज्यांचे आडनाव या विषयाला विचित्रपणे शोभते, ते तर सांगतात की चालकाने केवळ पुढच्याकडे न पाहता पुढच्या आणि मागच्या अशा दोघांच्या साधारण मध्यावर राहिले, तर निष्कारण उद्भवणारे खोळंबे विरून जातात. मराठीत एखाद्याला अंतर देणे म्हणजे त्याचा त्याग करणे. फाटकाशी मात्र अंतर देणे हीच सोबत ठरते. शब्दांची ही गंमत फार उशिरा, रांगेत उभा असतानाच, माझ्या लक्षात आली.

आमच्या समितीने गेल्या महिन्यात अडसराच्या सहा मीटर अलीकडे एक पिवळा पट्टा रंगवून घेतला, आणि पुढची मोटार आत जाऊन दांडा पूर्ण खाली येईपर्यंत पट्ट्याच्या अलीकडे थांबावे अशी सूचना शेजारी लावली. रंग वाळेपर्यंत दोन तास दुसऱ्या फाटकाने यावे, असेही तीत लिहिले होते. पट्ट्यावरून ओल्या रंगातच गेलेल्या चाकांचे ठसे आत इमारतीपर्यंत गेले आहेत, आणि ते अजून दिसतात.