विश्रांतीतून उमललेले गाणे

जानेवारी १९४८. ऐन हिवाळ्यात कुमार गंधर्व मुंबई सोडून माळव्यातील देवास येथे आले. वय अवघे २३. क्षयाने फुप्फुस पोखरले होते आणि गाण्यास सक्त मनाई होती.

त्या कोरड्या हवेत त्यांनी सुमारे पाच वर्षे विश्रांती घेतली. पत्नी भानुमती यांची शुश्रूषा आणि तेव्हा नव्याने आलेले स्ट्रेप्टोमायसिन यांमुळे ते सावरले. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले. गळा मुका होता, पण कान जागे होते. माळव्याची लोकगीते ते ऐकत राहिले. त्यांच्याच धुनांतून पुढे मालवती, लगनगंधार, सहेली तोडी हे धुनउगम राग जन्मले. मोजक्या श्वासाला साजेशी छोट्या, नेमक्या स्वराकृतींची गायकीही घडली.

विश्रांती म्हणजे रिकामपण नव्हे, हे शुश्रूषा करणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. पिंपळगाव राजासारख्या गावात थंडीच्या दिवसांत ज्येष्ठांची खाट कोवळ्या उन्हात टाकावी. भजन, काकडआरती, आजीला पाठ असलेल्या ओव्या त्यांच्या कानी पडू द्याव्यात. औषधोपचार मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू ठेवावेत. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी अवश्य करून घ्यावी.