हलती आकृती आणि शिक्षकाचा थांबा

पॉवरपॉइंटमध्ये आकृती माउसने ओढून बसवतात. मॅनिममध्ये ती शब्दांत सांगावी लागते. वर्तुळ काढ, त्याचा चौरस कर, चौरस डावीकडे सरकव, अशा आज्ञा पायथॉन भाषेत ओळीमागून ओळ लिहिल्या की संगणक त्यांची चलचित्रे तयार करतो. ‘थ्री ब्लू वन ब्राउन’ या गणिताच्या यूट्यूब वाहिनीसाठी ग्रँट सँडरसन यांनी २०१५मध्ये हे साधन लिहायला घेतले. २०२०पासून त्याची एक आवृत्ती स्वयंसेवक सांभाळतात. मूळ साधन आणि ही आवृत्ती, दोन्ही मोफत आहेत.

व्हिडिओ मात्र आपल्या वेगाने पळतो, आणि वर्ग काही त्या वेगाने चालत नाही. कोणी हात वर करतो, कोणाची वही अजून उघडायची असते. बेल्जियममधील संशोधक जेरोम एर्टमान्स यांच्या ‘मॅनिम स्लाइड्स’ या जोडसाधनाने ही अडचण दूर केली. कोडमध्ये जिथे ‘नेक्स्ट स्लाइड’ ही आज्ञा लिहावी, तिथे चलचित्र थांबते. कळ दाबली की पुढे सरकते. हवा तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरतही ठेवता येतो. वर्तुळावर फिरणाऱ्या बिंदूतून साइन वक्र कसा उमटतो, हे समजावताना याचा फार उपयोग होतो.

पायथागोरसचा सिद्धांत घ्या. ३, ४ आणि ५ बाजूंचे चार काटकोन त्रिकोण ७ बाजूच्या चौरसात कोपऱ्यांना लावले की मधोमध एक तिरका चौरस मोकळा राहतो. प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ ६, चौघांचे २४; ४९मधून ते वजा केले की उरतात २५. इथे थांबावे आणि विद्यार्थ्यांना तो हिशेब करू द्यावा. मग कळ दाबताच तेच त्रिकोण सरकून जोडीजोडीने दोन आयत होतात आणि मोकळी जागा ९ व १६ अशा दोन चौरसांत विभागली जाते. पुस्तकात या दोन आकृत्या शेजारी छापल्या, तरी त्रिकोण तेच आहेत हे मुलाला मानून चालावे लागते. पडद्यावर ते डोळ्यांदेखत सरकतात. पुढच्या तासाला ५ आणि १२ बाजू घ्यायच्या असतील, तर कोड नीट लिहिलेला असल्यास फक्त दोन आकडे बदलतात.

थांब्याचे महत्त्व प्रयोगांतही दिसले आहे. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर या संशोधकांनी २००१मध्ये वीज कशी चमकते हे सांगणारे सुमारे अडीच मिनिटांचे चलचित्र १६ तुकड्यांत दाखवले. तुकड्यातुकड्याने, स्वतः कळ दाबत पाहणाऱ्यांना मिळालेले ज्ञान, सलग पाहणाऱ्यांपेक्षा, नव्या प्रश्नांना अधिक चांगले लावता आले. म्हणून खरे कौशल्य थांबे निवडण्यात आहे. शीर्षक गिरकी घेत आले म्हणून कोणाला काही समजत नाही. जी गोष्ट मुळात बदलते, तीच हलवावी.

मराठीसाठी एक काळजी घ्यावी लागते. मॅनिमच्या साध्या मजकुरात, देवनागरी फॉन्ट असल्यास, जोडाक्षरे नीट उमटतात. सूत्रे मात्र लॅटेक या सूत्रे मांडणाऱ्या प्रणालीमार्फत जातात आणि त्याच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरी चालत नाही. शब्द साध्या मजकुरात आणि सूत्रे लॅटेकमध्ये ठेवली की प्रश्न मिटतो. ‘तिसरे अक्षर लाल कर’ असली आज्ञाही टाळावी. ‘त्रिकोण’ शब्दात आपण मोजतो ती अक्षरे आणि संगणक काढतो ते आकार यांची संख्या जुळत नाही. रंगवायचा शब्द वेगळा लिहिणे बरे.

वेळ जातो तो चित्रे तयार होण्यात. सेकंदाला ६० चित्रे धरली, तर दहा सेकंदांच्या हालचालीला ६०० चित्रे लागतात. कच्चे काम सेकंदाला १५ चित्रांवर पाहावे आणि शेवटची प्रत आदल्या रात्री काढावी. ती ब्राउझरमध्ये उघडणारी फाइल म्हणून पेन ड्राइव्हवर नेता येते. व्हिडिओंचा फोल्डर तिच्यासोबत हवा, आणि शाळेत इंटरनेट नसेल तर घरीच नेट बंद करून ती एकदा उघडून पाहावी.